‘वारिद’ की ‘वारीद’? : कोड्यातलं पाणी

परवाच्या कोड्यात आडवा शब्द होता ‘ढग’, घरं तीन. मी लगेच ‘जलद’ लिहिलं. मग उभा शब्द आला ‘नदी’, तोही तीन घरांचा, आणि मधलं घर दोघांचं सामाईक. तिथे ‘सरिता’च बसत होतं, म्हणजे ढगाच्या मधे ‘रि’ हवा. उत्तर ‘वारिद’. शेजारच्या काकूंनी ‘वारीद’ आणि ‘सरीता’ लिहिलं होतं. दोन्ही चुका एकाच घरात पडल्या, त्यामुळे कोडं जुळलं आणि चूक लपली.

इथे पाठांतर करण्यापेक्षा घडण ओळखावी. पाण्याला संस्कृतात जल, नीर, वारि, अंबु, तोय, पयस्, अप् असे कितीतरी शब्द. त्यांना ‘ज’ (जन्मलेलं) लावलं की कमळ: जलज, नीरज, वारिज, अंबुज. ‘द’ (देणारा) लावला की ढग: जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद, पयोद. ‘धि’ म्हणजे साठा. त्यावरून समुद्र: जलधी, वारिधी, अंबुधी, पयोधी. दोनच घरं असतील तर ‘अप्’ आठवावा: अब्ज, अब्द, अब्धी. जोडाक्षराला एकच घर लागतं. यातल्या ‘अब्ज’चा अर्थ शंभर कोटीही होतो आणि ‘अब्द’चा वर्षही, म्हणून कोडं रचणाऱ्यांचे हे फार लाडके शब्द आहेत.

आता ऱ्हस्व-दीर्घ. ‘नीर’ मुळातच दीर्घ, म्हणून ‘निरज’ चूक. ‘वारि’, ‘अंबु’ मुळात ऱ्हस्व. असे ऱ्हस्व इकारान्त-उकारान्त तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द मराठीत सुटे लिहिताना शेवट दीर्घ करायचा: कवी, गती, जलधी. पण समासात ते आधी आले की मूळचा ऱ्हस्व कायम: कविराज, गतिमंद, वारिद. जुन्या छापील पुस्तकांत ‘कवि’, ‘जलधि’ दिसतं ते १९६२च्या लेखननियमांआधीचं वळण आहे. कोड्यात मात्र आजचंच धरावं.

‘सलिल’ आणि ‘सलील’ यांतही गफलत होते. सलिल म्हणजे पाणी. सलील म्हणजे लीलेने, सहज. दोन्ही तत्सम, दोन्ही शुद्ध, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आणि दोन घरांत ‘हात’ आला तर ‘कर’ खोडण्याआधी ‘पाणी’ बसतं का बघा. मूळ शब्द ‘पाणि’. सुटा लिहिला की नियमाने ‘पाणी’ होतो आणि पिण्याच्या पाण्यासारखाच दिसतो. ‘पाणिग्रहण’ लिहिताना मात्र ‘णि’ ऱ्हस्वच.