मातीची बाई पाटावर बसतच नाहीये! कंबरेच्या हाडांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. निवृत्तीनंतर मातीकाम शिकतेय. सध्या पाटावर भाजी निवडत बसलेली बाई करते आहे, साधारण दीड वीत उंच. चेहरा, हात बरे जमलेत, पण बाई बसलेली वाटत नाही, कुणीतरी आणून ठेवलेली वाटते. सर एवढंच म्हणाले, "लुगडं नंतर, आधी पेल्विस बघा." पेल्विस म्हणजे कंबरेच्या हाडांचा सांगाडा.

शेजारची मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिच्याकडचा प्लास्टिकचा सांगाडा पाहिला. मला वाटायचं, कंबरेला परातीसारखं एकच हाड असेल. तर दोन बाजूंना दोन हाडं, मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखी ठोकलेली त्रिकास्थी आणि खाली माकडहाड. त्रिकास्थी म्हणजे जुळलेले पाच मणके. बाजूचं प्रत्येक हाडही लहानपणी तीन तुकड्यांत असतं: वर पसरट श्रोणिफलक, खाली आसनास्थी, पुढे जघनास्थी. वयात येताना तिन्ही जुळतात, तेही नेमके खुब्याच्या उखळीत. (इकडे 'थापानो गोळो' म्हणतात तो मांडीच्या हाडाचा गोळा याच उखळीत फिरतो. आमच्या वन्संचा बदललाय, म्हणून शब्द पाठ.) आपण मूल कडेवर घेतो तेव्हा ते श्रोणिफलकाच्या कडेवर टेकतं, हे तर मला हात लावून पाहिल्यावर कळलं.

आता अडचण. मी ही सगळी परात, म्हणजे पेल्विस, सपाट धरली होती. शेजारच्या मुलीने ती पुढे चांगलीच कलती केली. म्हणाली, उभ्या माणसात श्रोणिफलकाची पुढची टोकं आणि खालचा जघनसांधा (पुढे दोन्ही जघनास्थी जुळतात तो) जवळजवळ एका ओळंब्यात येतात. ठीक. पण माणूस बसल्यावर परात कुठे कलते? आणि भार नक्की कशावर येतो? तिची परीक्षा आहे, सारखं विचारायला संकोच वाटतो.

प्रतिसाद

ताई, कडक खुर्चीवर तळहात उताणे ठेवून त्यांवर बसा. जे टोचतं ती आसनास्थीची टोकं. उभं असताना वरचा भार त्रिकास्थीतून, मागच्या दोन सांध्यांतून खुब्यात आणि मांडीच्या हाडात जातो. बसल्यावर तोच या टोकांवर उतरतो. आता तशाच पोक काढा. परात मागे कलंडेल, कंबरेचा बाक सपाट होईल आणि टेकू माकडहाडाकडे सरकेल. पाट बुटका, गुडघे वर, म्हणजे तुमची बाई बहुधा अशीच बसणार. तिच्या कंबरेत बाक ठेवलाय का?

धागाकर्ती

ठेवलाय हो! चांगला नर्तकीसारखा. आणि टेकवलीये मांड्यांवर. हात टोचून घेऊन आले आत्ताच. उद्या तारेने कंबरेत कापते आणि खालचा भाग मागे कलंडवते. तोवर ओलं फडकं टाकून ठेवलंय. पोक काढल्यावर मानेचं काय होतं, तेही सांगून ठेवा, कारण डोकं आता भाजीऐवजी जमिनीकडे बघेल असं दिसतंय.