टॉप लोड की फ्रंट लोड? तुमच्या घरचा अनुभव सांगा

मंडळी, चौदा वर्षं साथ दिलेलं आमचं टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन गेल्या आठवड्यात थांबलं. ड्रमचं बेअरिंग गेलंय, आणि आता एवढा खर्च करण्यात अर्थ नाही असं मेकॅनिक म्हणाला. दोन दुकानं फिरून आलो. एकाने फ्रंट लोडशिवाय (समोर दार असलेलं) दुसरं दाखवलंच नाही, दुसरा म्हणाला टॉप लोडच घ्या, कटकट नको. आम्ही ठाण्यात राहतो, घरात पाच माणसं, त्यात आई ७४ वर्षांची. जाहिरातीतलं सगळं वाचून झालंय. मला हवाय तो वापरणाऱ्यांचा अनुभव. एक विनंती: मशीन चांगलं की वाईट एवढंच लिहू नका. तुमच्याकडे पाणी कुठलं, किती दाबाने येतं, कपडे कोण धुतं आणि वाळतात कुठे, तेही सांगा.

वाघोली, पुणे
आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर, दोन्हीचं पाणी क्षाराचं. बादलीच्या कडेला आठवड्यात पांढरा थर बसतो. २०१९ मध्ये फ्रंट लोड घेतलं आणि हौसेने रोज ६० अंशांवर कपडे लावले. कपडे खरोखर सुंदर निघायचे. शाळेच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी मी तोवर ब्रशने घासत होते, ते बंद झालं. पण सव्वादोन वर्षांनी पाणी तापेनासं झालं. मेकॅनिकने हीटर काढून दाखवला, तर त्यावर खडूसारखं जाड कवच! जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम घट्ट होऊन हीटरवर बसतो, हे मला तेव्हा कळलं. आता रोजचे कपडे थंड पाण्यात, टॉवेल आणि चादरी तेवढ्या आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, आणि दर दोन महिन्यांनी क्षार काढायची पावडर घालून मशीन रिकामं फिरवते. साबण फ्रंट लोडचाच. एकदा साधी पावडर घातली तर इतका फेस झाला की मशीन खळबळायचं संपेचना.
दाराच्या रबराबद्दलही सांगते. धुणं संपलं की त्याच्या घडीत साचलेलं पाणी पुसून दार उघडं ठेवायचं. आम्ही पहिलं वर्ष ते केलं नाही आणि रबरावर काळी बुरशी आली, ती पुरती कधीच गेली नाही. एवढं करायची तयारी असेल तर फ्रंट लोड जरूर घ्या. मी पुन्हा तेच घेईन.

डोंबिवली
आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर. लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. असतं उलटं. आमच्या फ्रंट लोडच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब हवा असं लिहिलंय, म्हणजे पाण्याची पातळी नळाच्या साधारण ३ मीटर वर हवी. आमच्याकडे तेवढी उंचीच नाही. मशीन पाणी भरत बसायचं आणि मग एरर दाखवून थांबायचं. शेवटी प्रेशर पंप बसवला.

लातूर
माझं उत्तर तुमच्या प्रश्नात नाही, तरी लिहिते. आमच्याकडे सेमी ऑटोमॅटिक आहे आणि तेच राहणार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते हेच शहर. तेव्हा नळाला पाणी येण्याचे दिवस आम्ही भिंतीवर लिहून ठेवायचो. पाणी घरात साठवलेलं, नळाला दाब कसला? सेमी ऑटोमॅटिकला दाब लागत नाही, बादलीने पाणी ओतता येतं. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळबळलेलं पाणी टबात साठवून ते फरशीला आणि संडासाला. आपोआप चालणारं मशीन आपलं पाणी आपणच सोडून देतं, आणि ते मोरीत वाहताना बघणं माझ्या सासूबाईंना आजही सहन होत नाही. मलाही नाही. पावसाळा चांगला झाला तरी ही सवय मोडलेली नाही आणि मोडू नये असंच वाटतं.
मेहनत आहे, हे खरं. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकताना कंबर भरून येते.

नागपूर
गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. टॉप लोड. वाकावं लागत नाही, विषय संपला. ज्यांना फ्रंट लोडच हवंय त्यांनी खाली फूटभर उंच भक्कम ओटा बांधून घ्यावा.

श्टुटगार्ट, जर्मनी
इथे बहुतेक घरांत फ्रंट लोडच. आमचं इमारतीच्या तळघरात आहे, प्रत्येक बिऱ्हाडाचं आपापलं. नळाला कायम सारखा दाब, वीज जात नाही, त्यामुळे दहा वर्षांत काही त्रास नाही. त्याच भरवशावर सांगलीला आईबाबांना आग्रहाने फ्रंट लोड घ्यायला लावलं. आईला मधेच राहिलेला रुमाल टाकायचा असायचा आणि दार उघडायचं नाही. सुती कपड्यांचा प्रोग्रॅम अडीच तासांचा, तोवर दुपारचं ऊन निघून जायचं. दीड वर्षाने तिने ते काकूला दिलं आणि टॉप लोड आणलं. मी तिच्या दिवसाचा विचारच केला नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

रत्नागिरी
कोकणात जून ते सप्टेंबर कपडे वाळवणं हेच मोठं काम. फ्रंट लोड मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळतं, आमचं जुनं टॉप लोड ७००च्या आसपास पिळायचं. पूर्वी जीन्स तीन दिवस दांडीवर असायची आणि कुबट वास यायचा, आता पंख्याखाली दीड दिवसात वाळते. वीज गेली की मात्र पाण्यासकट दार बंद. खालच्या झाकणामागे फिल्टर आहे, तिथून पाणी काढता येतं, ते घेतल्या दिवशीच शिकून घ्या. आणि मशीन कुठलंही असो, खालून जाळी बसवा. आमच्या टॉप लोडची वायर उंदराने दोनदा कुरतडली होती.

हैदराबाद, मूळचा सोलापूरचा
भाड्याने राहत असाल तर एक लक्षात ठेवा. फ्रंट लोडच्या मागे ड्रम जखडणारे बोल्ट येतात. वापरण्याआधी ते काढायचे, पण टाकायचे नाहीत. आम्ही टाकले. घर बदलताना टेम्पोत ड्रम हिंदकळला आणि नव्या घरात पिळायला लागलं की मशीन भिंतीवर आपटू लागलं.

पुन्हा ठाण्याहून
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाथरूमच्या नळाखाली १५ लिटरची बादली लावली. सकाळी सातला सव्वादोन मिनिटांत भरली, अकराला साडेपाच मिनिटं लागली. आमची टाकी चार मजले वर, त्यामुळे दाब पुरेल असं प्लंबर म्हणाला, पण धुणं सकाळीच लावावं लागेल. मग आईला दुकानात नेलं आणि दोन्ही मशीनमध्ये कपडे घालून-काढून बघायला सांगितलं. फ्रंट लोडपाशी ती वाकली आणि उठताना तिने माझा हात धरला. टॉप लोड घेतोय. गुरुवारी येईल. लातूरच्या ताई, शेवटच्या खळबळीचं पाणी पिंपात घ्यायला पाइप लांब करून घेतलाय.