नॅव्हिगेशन यंत्रासाठी काचेवरचा स्टँड आणि चार्जर कोणता घ्यावा?

कासारवडवलीकर:
नमस्कार. माझ्याकडे गार्मिनच्या नूवी मालिकेतील मिनी-यूएसबीचे जुने यंत्र आहे. कामानिमित्त मुरबाड-शहापूरच्या आतल्या गावांत जावे लागते. तेथे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसल्यामुळे यंत्रातच साठवलेला नकाशा मला सोयीचा पडतो. मूळ स्टँड आणि चार्जर घर बदलताना गहाळ झाले. बाजारातून आणलेला सक्शन कपचा स्टँड घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांत हमखास निसटतो. शिवाय नवी केबल लावली की पडद्यावर नकाशाऐवजी संगणकाचे चित्र येते आणि मार्गदर्शन थांबते. स्टँड काचेवरचा घ्यावा, डॅशबोर्डवरचा घ्यावा, की एसीच्या जाळीत अडकवायचा? चार्जर किती अँपिअरचा असावा?

ऐरोलीकर:
संगणकाचे चित्र येते याचा अर्थ आपण डेटा केबल लावली आहे. मिनी-यूएसबीच्या पाच पिनांपैकी एक पिन साध्या केबलमध्ये वापरलीच जात नाही. गाडीसाठी बनवलेल्या केबलमध्ये मात्र तिच्याद्वारे ‘ही वीज गाडीची आहे’ अशी खूण यंत्राला मिळते. त्यामुळे चार्जर बदलून उपयोग होणार नाही. आपल्या मॉडेलला चालणारी गाडीची केबल दुकानदाराकडे स्पष्टपणे मागावी आणि दुकानातच यंत्र सुरू करून नकाशा टिकतो का, ते पाहावे.

चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा पुरेसा आहे. त्याहून मोठा घेतला तरी यंत्र आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते. इंजिन चालू असताना सॉकेटमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात. ते ५ वर आणताना हलक्या प्रतीचे चार्जर विद्युत-गोंगाट निर्माण करतात, त्याने रेडिओ खरखरतो आणि उपग्रहाकडून येणाऱ्या अतिशय क्षीण संदेशातही कधी कधी अडथळा येतो. पारख सोपी आहे: एफएमवर एखादे अस्पष्ट केंद्र लावावे आणि मग चार्जर खोचावा. खरखर वाढली तर तो चार्जर परत करावा. (सॉकेटमध्ये सुटे नाणे पडू देऊ नये; फ्यूज उडालाच म्हणून समजा.)

वाशीचा वाहनचालक:
स्टँडविषयी लिहितो. जाळीत अडकवायचा स्टँड मुळीच घेऊ नये. जुने यंत्र जड असते आणि जाळीच्या पात्या नाजूक. डॅशबोर्डचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे तेथे सक्शन कप धरत नाही, आणि चिकटवायची चकती लावायची झाल्यास ती डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर येणार नाही, याची खात्री करावी लागते. म्हणून काचच बरी.

कप निसटण्याचे कारण बहुधा काचेच्या आतल्या बाजूचा तेलकट थर असतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ तेथे बसते आणि नुसत्या फडक्याने जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून पूर्ण कोरडी करावी, कपचा तळ कोमट पाण्याने धुऊन वाळवावा आणि मगच खटका दाबावा. दांडी मात्र आखूडच घ्यावी, कारण लांब दांडीच्या टोकाला बसलेला प्रत्येक धक्का कपला उचकटू पाहतो. गार्मिनच्या बहुतेक यंत्रांच्या मागच्या खोबणीत १७ मिलिमीटरचा गोळा बसतो. त्या मापाचा गोळा असेल तर दुसऱ्या कंपनीचा स्टँडही चालतो. जागा म्हणाल, तर चालकाच्या उजव्या हाताचा खालचा कोपरा.

माजिवडेकर:
बाकी सारे मान्य आहे, परंतु उजवा कोपरा मला पटत नाही. तेथे काचेच्या खांबामुळे आधीच आंधळा पट्टा तयार झालेला असतो, त्यात यंत्राची भर पडली की तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी वळणारा दुचाकीस्वार दिसेनासा होतो. माझ्या मते यंत्र स्टिअरिंगच्या किंचित डावीकडे, काचेच्या तळाशी असावे. माजिवड्याला पुलावर चढायचे की खालच्या रस्त्याने जायचे, हे ठरवायला क्षणभरच मिळतो. तेव्हा मान न वळवता पडदा दिसला पाहिजे. तसेही यंत्राला पुलावरची आणि पुलाखालची गाडी सहसा वेगळी ओळखता येत नाही, म्हणून पाटीवरही नजर ठेवावी लागतेच. आरशामागची जागा फास्टॅगसाठी मोकळी सोडावी.

आणखी एक सांगावेसे वाटते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे मानले जाते. मे महिन्यात महापे एमआयडीसीत उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या आत तापमान त्याहून पुष्कळ वर जाते. गाडी लावताना यंत्र काढून सोबत न्यावे आणि परतल्यावर एसीने गाडी थोडी निवल्यावरच चार्जरला जोडावे.

कासारवडवलीकर:
सर्वांचे आभार. आखूड दांडीचा स्टँड आणि गाडीची केबल घेतो. यंत्र डावीकडे लावल्यास केबल गिअरवर लोंबकळणार नाही का?

माजिवडेकर:
सरळ खाली सोडली तर लोंबकळेल. डॅशबोर्डच्या कडेने डावीकडे नेऊन, सामानाच्या कप्प्याखालून सॉकेटपर्यंत आणावी आणि मध्ये दोन-तीन चिकटणाऱ्या क्लिपा लावाव्यात. साधारण दीड मीटरची केबल लागेल, पण आधी दोरीने माप घ्यावे.