‘सॉरोपॉडांचे पूर्वज’ म्हणावं का?

प्रश्न : मुलांच्या विज्ञान अंकासाठी लेख लिहितेय. सॉरोपॉडांना, म्हणजे लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या महाकाय डायनासोरांना, ‘दीर्घग्रीव’ म्हटलं तर चालेल का? आणि प्लेटिओसॉरससारख्या ‘प्रोसॉरोपॉड’ (सॉरोपॉडांच्या आधीच्या) डायनासोरांना त्यांचे ‘पूर्वज’ म्हणावं का?

प्रतिसाद : ‘दीर्घग्रीव’ वर्णन म्हणून छान आहे, कुळाचं नाव म्हणून नको. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांनी १८७८ मध्ये दिलेल्या ‘सॉरोपॉड’ नावात मान नाहीच, सरड्याचा पाय आहे. शिवाय ज्या मोठ्या कुळातून सॉरोपॉड आले, त्या सॉरोपॉडोमॉर्फ कुळाच्या आरंभी ना लांब मान दिसते, ना पाला खाणं. दक्षिण ब्राझीलमधला बुरिओलेस्टेस सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा. लहानखुरा, दोन पायांवर धावणारा, आणि दात मागे वळलेले, करवतीच्या कडांचे. म्हणजे शिकारी! अर्जेंटिनातल्या पॅनफेजियाच्या नावाचा अर्थच ‘सगळं खाणारा’. पाल्याकडे हे कूळ हळूहळू वळलं. पुढे न चावता गिळायची सवय लागली, त्यामुळे डोकं लहान आणि हलकं राहिलं. मणक्यांत हवेच्या पोकळ्या आल्या. एवढी लांब मान पेलली ती यामुळे. मुलांना हा क्रम नक्की सांगा, सगळी गंमत त्यातच आहे.

‘पूर्वज’ मात्र टाळाच. पूर्वज म्हणजे ज्याच्या वंशात पुढचे जन्मले तो. नुसत्या जीवाश्मावरून तसं नातं सिद्ध होत नाही. ‘प्रोसॉरोपॉड’ ही एक सलग शाखाही नाही. त्यातले काही सॉरोपॉडांच्या जवळचे, काही बरेच लांबचे. प्लेटिओसॉरस तर दोन पायांवरच चालायचा, पुढच्या पायांचे तळवे त्याला जमिनीकडे वळवता येत नव्हते. ‘आरंभीचे सॉरोपॉडोमॉर्फ’ लिहा, किंवा सरळ ‘सॉरोपॉडांचे भाऊबंद’. मला दुसरा शब्द जास्त आवडतो, कारण नातं आहे पण थेट वंशावळ नाही, हे मुलांना चटकन कळतं.

आणखी एक प्रतिसाद : ‘भाऊबंद’ला माझंही मत. लेखात बारापासॉरस जरूर घ्या, आरंभीच्या खऱ्या सॉरोपॉडांपैकी आहे आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात सापडलाय. मराठी वाचक ‘बारा’ म्हणजे १२ समजतात, तेव्हा फोड द्या : बंगालीत ‘बड़ो’ म्हणजे मोठा, ‘पा’ म्हणजे पाय. मांडीचं हाडच माणसाच्या उंचीचं होतं. पूर्ण नाव ‘बारापासॉरस टागोराय’, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी उत्खनन सुरू होतं म्हणून.