अनुभव धागा : नव्या विभागाच्या आराखड्याबद्दल तुम्ही काय ऐकले होते?

निमंत्रण (फोंडा)

फ्लोरिडातील डिस्नीच्या ॲनिमल किंगडम या उद्यानात डायनोसॉरच्या जुन्या विभागाच्या जागी ‘ट्रॉपिकल अमेरिकाज’ हा ११ एकरांचा नवा विभाग होणार असून तो २०२७ मध्ये खुला होईल, असे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. तेव्हापासून तिकडे राहणारे माझे मेहुणे दर पंधरवड्याला एक तरी वार्ता कळवतात. अमुक राइड लहान केली, तमुक इमारत आराखड्यातून काढली, असे ते सांगतात आणि आमच्याकडे हुमण-भात निवत असताना त्यावर खल चालतो. नव्या वार्ता येथे नकोत, त्या पुरेशा आहेत. अशी वार्ता ऐकून आपण स्वतः काय केले आणि शेवटी काय निघाले, एवढे कृपया लिहावे.

म्हापसा, आरेखक

मी इमारतींचे नकाशे काढून पोट भरतो, म्हणून मला गप्पांपेक्षा कागद बघायला आवडतात. त्या भागातील जमीन पाणथळ असल्यामुळे मोठे बांधकाम करताना पावसाचे पाणी कोठे वळवणार आणि तळी कोठे खोदणार हे साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या यंत्रणेला दाखवून परवाना घ्यावा लागतो, आणि ते नकाशे कोणालाही पाहता येतात. जमिनीचा झोन बदलला की नाही हे कळण्यासाठी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात खेटे घालणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना याचे नवल वाटते. आराखडा बदलल्याच्या पुष्कळशा वार्ता याच कागदांतून निघतात. त्यांत इमारतीची बाह्यरेषा, रस्ते आणि नाले असतात. आत कोणती राइड आहे याबद्दल अवाक्षर नसते, त्यामुळे उरलेले सर्व वाचणारा आपल्या मनाने भरतो.

तिथल्याच डिस्नीच्या स्टार वॉर्स विभागाचे काम चालू असताना मी दोन नकाशे छापून घेतले, पट्टीने मोजले आणि मोठी इमारत चौथ्या हिश्शाने घटल्याचे मित्रांना ठणकावून सांगितले. आठवड्याने लक्षात आले की दुसरा कागद छापताना लहान झाला होता आणि मी नकाशावरील प्रमाणपट्टीकडे पाहिलेच नव्हते. आरेखकाने अशी चूक करणे म्हणजे सुताराने करवत उलटी धरण्यासारखे आहे. मित्र अजून मला ‘पाव कमी’ म्हणतात.

डिचोली, बँकेत नोकरी

माझा अनुभव उलटा आहे, कारण मी वार्ता खोटी मानली आणि ती खरी निघाली. डिस्नीच्याच मॅजिक किंगडम उद्यानातील फँटसीलँड या विभागाचा विस्तार सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात टिंकर बेल या परीसाठी आणि तिच्या सख्यांसाठी ‘पिक्सी हॉलो’ नावाचा भाग होता. माझी मुलगी त्या वेळी पाच वर्षांची होती. चतुर्थीला सर्वजण माटोळीखाली बसलेले असताना ती ‘ह्या पानांआड पऱ्या राहतात’ असे पाहुण्यांना सांगायची, आणि पऱ्यांच्या त्या गावी आपण जाणार हे तिच्या वडिलांनी आखातातून फोनवर कबूल केले होते. पुढच्या वर्षी नणंदेने सांगितले की पऱ्यांचा भाग गळणार आहे. माझे म्हणणे असे होते की ज्याचे चित्र सर्वांसमोर मांडले ते मागे कसे घेतील? मुलीलाही मी तेच सांगितले.

जानेवारी २०११ मध्ये सुधारित आराखडा जाहीर झाला. पऱ्या गेल्या होत्या आणि त्याऐवजी सात बुटक्यांच्या खाणगाडीची राइड व सर्कसचा भाग आला होता. विस्तारात राजकन्यांचाच भरणा आहे, मुलग्यांनाही काही हवे, अशी चर्चा तेव्हा वाचल्याचे आठवते, आणि ते मला आजही पटते. नवा विभाग ६ डिसेंबर २०१२ रोजी खुला झाला. आम्ही मे २०१३ मध्ये पोहोचलो. पऱ्या आराखड्यातच राहिल्या आणि खाणगाडी कुंपणाआड होती, ती २८ मे २०१४ रोजी सुरू झाली. आम्ही नेमके दोन्हींच्या मधल्या फटीत सापडलो. डंबो या उडत्या हत्तीच्या दोन पाळण्यांत मुलगी पाच वेळा बसली आणि मला मात्र त्या कुंपणाचा रंग आजही आठवतो.

वास्को, जहाजावरील गॅलीत (स्वयंपाकघरात) नोकरी

आमचे जहाज पोर्ट कॅनाव्हरलहून सुटत असे. स्टार वॉर्स विभाग फ्लोरिडात २९ ऑगस्ट २०१९ रोजी खुला झाला तेव्हा फाल्कन यानाची एकच राइड सुरू होती. ऑक्टोबरमध्ये सुट्टीच्या दिवशी गेलो, दुसऱ्या राइडचे दार बंद पाहिले आणि ती रद्द झाल्याचे घरी कळवून टाकले, कारण जहाजावर सर्वजण तसेच म्हणत होते. ती ५ डिसेंबर रोजी सुरू झाली. तेव्हा मी भर समुद्रात होतो.

पणजी, नरकासुर करणारे मंडळ

मला दुसऱ्या बाजूचे सांगायचे आहे. आमच्या वाड्यावर दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचा आराखडा गणेशविसर्जनानंतर ठरतो आणि ताडपत्रीआड ठेवला जातो, तरी तो फुटतोच. एका वर्षी आम्ही मान फिरवणारा नरकासुर योजला होता. वेल्डिंगच्या दुकानात पडलेली मोटर आणि बेअरिंग कोणी पाहिली, आणि दोन दिवसांत शेजारच्या वाड्यावर ‘यंदा त्यांचा असुर मान वळवून डोळे मिचकावणार’ इथपर्यंत गोष्ट गेली. डोळ्यांचा विचारही आम्ही केलेला नव्हता! पुढे परतीच्या पावसात कागद भिजला, डोके जड झाले, मोटर ओढेना आणि आम्ही मान पक्की करून टाकली. दिवाळीच्या आदल्या रात्री गर्दीत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले की मंडळाने फसवले. आम्ही कोणालाही काही कबूल केलेले नव्हते, तरीही ते बोल लागले.

तेव्हापासून ‘राइड कापली’ असे वाचले की मला प्रथम वजन आठवते. तिकडेही कोणी तरी यंत्राची ताकद, आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग आणि पैसा यांचा मेळ घालत बसलेला असणार, आणि त्याने मान पक्की केली की ती वार्ता होते. ज्या राइडमध्ये हलणारी बाहुली असते तिथे तर हे हमखास घडत असावे. फिरती मान कधी तरी करायचीच आहे. मोटर अजून माझ्या पडवीत आहे.

आल्तिनो, कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी

मी तिकडे कधीही गेलेली नाही. डिस्नीच्या एप्कॉट उद्यानासाठी २०१९ मध्ये दाखवलेल्या तीन मजली सभागृहाचे चित्र मात्र मी इतके पाहिले होते की गच्चीवरच्या झाडांसकट त्याचे पुठ्ठ्याचे प्रारूप केले. महासाथीनंतर ती कल्पना मागे पडली आणि जून २०२४ मध्ये त्या ठिकाणी कम्युनिकोर हॉल ही बसकी इमारत सुरू झाली. २०१९ मध्येच जाहीर झालेली मेरी पॉपिन्सची राइडही थांबली. वरचे दोन मजले वेगळे काढता येतील असे प्रारूप मी केले होते, हा निव्वळ योगायोग.

फोंडा

डिचोलीच्या ताईंना एकच विचारतो. आपली लेक आता मोठी झाली असेल. ट्रॉपिकल अमेरिकाजमध्ये ‘एन्कॅन्टो’ चित्रपटातील घराची राइड येणार, हे तिला सांगितलेत का?

डिचोली, बँकेत नोकरी

तिनेच मला सांगितले. तिला २०२७ सालीच जायचे आहे. मी मात्र २०२८ च्या मे महिन्याची रजा मागून ठेवली आहे, आणि साहेबांना कारण सांगताना ‘कुंपण’ एवढेच म्हणाले.