मदत हवी आहे: काट्यावर उतरलं ते पाणी की चरबी?

बहिणीने '७ दिवसांत ५ किलो' वाला डाएट धरलाय. चौथ्या दिवशीच काटा अडीच किलोने खाली, मग माझं कोण ऐकतंय! किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे चार दिवसांत अडीच किलो चरबी जायला रोज जवळपास ४,८०० ची तूट हवी. एवढं ती एरवी खातही नाही. कर्बोदकं तोडली की आधी ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि त्याला धरून असलेलं पाणी जातं, हेही सांगून झालं. उत्तर: "काटा खोटं बोलतो का?"

वय ३४, मधुमेह-थायरॉइड नाही, औषधं चालू नाहीत. डॉक्टरकडे यायला तयार नाही. चरबी गेली की नुसतं पाणी, हे घरच्या घरी, टेपने कंबर मोजून वगैरे, तिला दाखवता येईल का? आणि किती दिवसांच्या अंतराने मोजायचं?