परीक्षकांच्या शेऱ्यांबद्दल
कथा निवडण्याआधी मासिक ती लेखकाचं नाव झाकून दोन अनोळखी परीक्षकांना वाचायला देतं, आणि त्यांनी तिच्यावर शेरे मारणं तुम्हाला अपमान वाटतो, असं तुम्ही म्हणता. मला नाही वाटत. गिरगावातल्या खटाववाडीतून 'सत्यकथा' मासिक निघायचं, तेव्हा त्याचे संपादक राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहीत. १९८२मध्ये ते बंद झालं; तसं वाचणारं कुणी मिळणं आज भाग्याचंच.

माझी लालबागच्या चाळीवरची कथा दोनदा परत आली. एकाने लिहिलं होतं, 'आजी जाणार हे तिसऱ्या पानावरच कळतं, मग पुढची चार पानं कुणासाठी?' आठवडाभर राग धुमसत होता. मग एकदा लोकलमध्ये उभ्याने ती पुन्हा वाचली आणि चारही पानं काढून टाकली.

कथा पाठवताना फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही (फाइलसोबत आपोआप साठवलेल्या माहितीतूनही) स्वतःचं नाव काढा, ते हमखास राहतं. आणि मासिकाचा निर्णय येईपर्यंत तीच कथा दिवाळी अंकाला देऊ नका.